हानिकारक काही आढळले नाही

आमच्या घराण्यात तिथी सांगायचं काम माझ्याकडे आहे. कुणाचं श्राद्ध कधी येतं ते पंचांगातून काढून मी दरवर्षी सगळ्या नातेवाइकांना कळवतो. त्यासाठीच मुलाने मला कॉम्प्युटर घेऊन दिला. त्या याद्यांच्या फोल्डरमध्ये मी आणखी एक फाइल ठेवली होती. घरातल्या गेलेल्या माणसांची यादी कोण कशाला उघडेल, असा माझा हिशेब.

फाइल चार पानांची होती. निवृत्तीनंतर मी ती टाइप केली आणि कुणाला दाखवली नाही. तिच्यात काय होतं ते आता सांगतो.

अक्का, माझी थोरली बहीण, घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न करून हुणसूरला गेली. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, तिच्याशी बोलणं टाकलं. पुढे त्यांचं एक अंग लुळं पडलं. सात वर्षं मी त्यांचं सगळं केलं. शेवटच्या तीन दिवसांत मात्र ते फक्त तिचं नाव घेत होते. "तिला बोलाव. बोलायचंय तिच्याशी." हुणसूर आमच्या म्हैसूरपासून बसने जेमतेम दीड तास. "निरोप धाडलाय," असं मी रोज सांगत राहिलो, आणि निरोप धाडलाच नाही. सात वर्षं मी उष्टं-खरकटं काढलं आणि हाक तिला, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

दहाव्या दिवशी, म्हैसूरजवळच टी. नरसीपूरला नद्यांच्या संगमावर पिंडाला कावळा शिवेना. समोरच्या झाडावर सात-आठ कावळे होते, पण एकही खाली उतरेना. बायका सहसा तिथे जात नाहीत, पण अक्का हट्टाने आली होती. चुलत्यांनी सगळ्यांदेखत तिला पुढे बोलावलं. "तुझ्यावरचा राग घेऊन गेलाय तो. माफी माग त्याची."

ती ओल्या वाळूत बसली. "अण्णा, चुकलं माझं."

कावळे तसेच बसून होते. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. मी तिच्यापासून चार हातांवर उभा होतो, आणि अण्णांची इच्छा काय राहिली होती ते तिथे फक्त मला ठाऊक होतं.

तेव्हापासून अण्णांच्या तिथीला अक्का पाणीसुद्धा घेत नाही. आता ती ऐंशीला टेकली आहे, मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. गेल्या वर्षी त्या दिवशी ती घरातच कोसळली. आणि तिथी तिला दरवर्षी मीच कळवतो.

त्यानंतर काही महिन्यांनी कॉम्प्युटरचं सुरू झालं. दुपारी मी आडवा झालो की टेबलावर तो आपला आपण घुरघुरायला लागायचा. पडदा काळा, खुर्ची रिकामी, आणि आत काहीतरी भराभरा चाललेलं. आधी वाटलं, जुना झाला असेल. मग आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी नाशिकची इंजिनिअर मुलगी एका रविवारी खाली आली, तेव्हा तिला दाखवलं.

"काका, ब्राउझर तपासतोय. हानिकारक प्रोग्राम लपलाय का ते बघतो."

"ब्राउझर? तो तर इंटरनेट बघायला ना?"

"हो, पण आतल्या फायलीही चाळतो."

"मी कधी सांगितलं त्याला?"

"कधीतरी 'मान्य आहे' दाबलं असेल तुम्ही. सगळेच दाबतात." ती हसली. "एवढं काय लपवलंय? प्रेमपत्रं?"

मी त्या फाइलकडे बोट दाखवलं. मी ती चार वर्षांत उघडली नव्हती. मुलीने तिची माहिती काढली. शेवटची कधी हाताळली, त्यापुढे गेल्या मंगळवारची तारीख होती, वेळ दुपारी तीन चाळीस. तेव्हा मी त्याच खोलीत झोपलो होतो.

"म्हणजे वाचली?"

"वाचत नाही हो. नुसता हात लावून पुढे जातो."

"न वाचता त्याला कळतं कसं, काय वाईट आहे ते?"

तिने खुर्ची पुढे ओढली. "थांबा, तुमच्यासमोरच चालवते," म्हणाली. तिने कुठेसं दाबलं. एक चक्र फिरू लागलं. दोघंही बघत राहिलो. मग पडद्यावर अक्षरं आली: हानिकारक काही आढळले नाही.

"बघा! सगळं स्वच्छ," ती म्हणाली आणि चहा न घेताच वर गेली.

मी त्या ओळीसमोर बसून राहिलो. ज्याला डोळे नाहीत असं काहीतरी माझ्या चार पानांवरून फिरून गेलं होतं आणि त्यात वाईट काही नाही म्हणत होतं. माझी सुटका करायची असली तर ती करणारं माणूस हुणसूरला होतं, आणि त्याला अजून काहीच माहीत नव्हतं. मला त्या खोलीत एकट्याने बसवेना. तिथेच फोन लावला.

"काय रे? तिथी कळवायला अजून वेळ आहे की," अक्का म्हणाली.

"तिथी नाही. एक वाचून दाखवायचंय. मध्ये बोलू नकोस."

चारही पानं वाचली. पलीकडे तिच्या कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या, पण ती उठली नाही.

"संपलं?"

"हो."

"आणखी कुणी वाचलंय हे?"

नाही म्हणायला तोंड उघडलं, पण म्हणता आलं नाही. ब्राउझरचं जमेल तसं सांगितलं.

"अय्यो," ती म्हणाली. "म्हणजे माझ्याआधी त्या मशीनला." मग उठून तिने कुकर बंद केला. परत फोनवर आली तेव्हा आवाज बदलला होता. अगदी कोरडा.

"माफ केलं की नाही ते विचारू नकोस आज. परत वाच. सगळं नको. अण्णांनी माझं नाव घेतलं तिथपासून."

तेवढं मी तीनदा वाचलं.