केळीच्या लोंगराखाली

वहिनींनी माझ्या नातीला केळीला पाठ लावून उभं केलं. तिचं डोकं वरच्या लोंगराला, केळ्यांच्या घडाला, टेकलं. वहिनी हसल्या. म्हणाल्या, "झाली की लग्नाची. आता उजवून टाका."

वहिनी म्हणजे आगाशीच्या ज्या केळी-फुलांच्या वाडीत आम्ही राबायचो, तिच्या मालकीणबाई. मजुराच्या पोरीचं वय त्यांच्या घरात असंच बघतात. लोंगराला डोकं लागलं की पोर लग्नाची. रूपा माझी नात, सोळा वर्षांची, अकरावीला. ती लाजून खाली बघत होती. समोर टेम्पोला टेकून वीस वर्षांचा पोरगा उभा होता. तो वाडीचा माल बाजारात नेतो. रूपाला तो आवडतो. हे वहिनींना आमच्या आधी कळलं होतं.

त्याच वाडीत मलाही असंच उभं केलं होतं. तेव्हा वहिनींच्या सासूबाई होत्या. मी चौथी पास होऊन घरी बसले होते. तेरावं लागलेलं. डोकं लोंगराला पुरतं लागतही नव्हतं. त्या म्हणाल्या, "टाचा उचल गं." मी उचलल्या. सगळे हसले. मीही हसले. मालकांकडून मांडवाला केळीचे खांब आले, आणि वाडीच्या गड्याशी माझं लग्न लागलं.

वाडीला जोडी लागते. गडी पाणी सोडणार, खत घालणार, बाई कोयत्याने केळीची पानं उतरवणार, फुलं खुडणार, मालकांची भांडी घासणार. एकटा गडी पळून जातो. जोडी पळत नाही. पोर झाल्यावर तर नाहीच. पंधराव्या वर्षी माझं पहिलं मूल गेलं. तिसऱ्या दिवशी मी मोगऱ्याच्या कळ्या खुडत होते.

आता मी म्हातारी झाले. जुनी जोडी मोडली, नवरा गेला. सून तर रूपा लहान असतानाच गेली, मुलगा एकटाच गडी. त्यांना नवी जोडी हवी होती.

मी म्हटलं, "वहिनी, लहान हाय ती."

"तुमच्यात कधीपासून वय बघायला लागले?"

त्यांची नात रूपाच्याच वयाची. ती आत गार खोलीत डॉक्टरकीच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. तिचा चहा नेताना पावलं वाजवायची नाहीत, असा मला हुकूम होता.

वहिनींचा मुलगा, आम्ही त्याला दादा म्हणतो, ओट्यावरून म्हणाला, "म्हातारे, घाबरू नकोस. दोन्हीकडच्या आईबापांची संमती घेऊ, स्टॅम्प पेपर करू. पोरांचीही मर्जी आहे. एकदम कायदेशीर." माझ्या मुलाने, रूपाच्या बापाने, मान हलवली. तो मालकांसमोर दुसरं काही हलवत नाही.

मला बसवेना. कळ्या खुडल्या तर पानंच हातात आली. सकाळी रूपाचा हात धरला आणि अंगणवाडीच्या ताईकडे गेले. रूपा वाटेत म्हणाली, "आजी, मला करायचंय लग्न. तू मध्ये का येते?"

"विचारून तर येऊ," म्हटलं.

ताईने आडपडदा ठेवला नाही. "मुलगी अठरा पूर्ण, मुलगा एकवीस पूर्ण. त्याच्या आत नाही. आईबापाने सही केली, पोरं स्वतः हो म्हणाली, तरी नाही. स्टॅम्प पेपरला काही अर्थ नाही. लग्न लावणाऱ्यावरही गुन्हा होतो." मग रूपाकडे वळली. "आणि पोलीस आधी त्या पोराला उचलतील. तुझ्या हो म्हणण्याने तो सुटणार नाही. आवडतो ना? मग थांब."

रूपा रडायला लागली. माझ्या डोक्यात मात्र दुसरंच फिरत होतं. मी विचारलं, "ताई, माझ्या वेळेला कायदा नव्हता ना?"

ताईने फोनमध्ये शोधलं. मग म्हणाली, "होता, आजी. तेव्हा मुलीला पंधरा लागायचे."

होता.

मालकांच्या घरी तेव्हा रोज पेपर यायचा. थोरले मालक, वहिनींचे सासरे, गावाची भांडणं सोडवायचे, लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. त्यांना ठाऊक नव्हतं, असं मला कुणी सांगू नये. कायदा त्यांच्या ओट्यापर्यंत आला होता. पुढे गोठ्यामागच्या आमच्या खोलीपर्यंत त्यांनी तो येऊ दिला नाही. आणि मी जन्मभर म्हणत राहिले, आमच्यात असंच असतं. ते वाक्य माझं नव्हतं. त्यांनी माझ्या तोंडात घातलेलं होतं.

परतले ती थेट ओट्यासमोर. चप्पल काढली नाही. ताई जे बोलली ते सगळं सांगितलं.

दादा म्हणाला, "फार शहाणी झालीस. मग खोली रिकामी करावी लागेल."

"करू."

वहिनी म्हणाल्या, "अगं, पोरीच्या भल्याचं बघतोय आम्ही."

मी म्हटलं, "मंग तुमच्या नातीला बोलवा भायेर. तिलाबी उभी करा केळीला. दोघींचं भलं संगतीच बघू."

गार खोलीचं दार आतून बंद झालं.

आता आम्ही आचोळ्यात एका खोलीत राहतो, बहिणीच्या घराला लागून. मुलगा माझ्याशी धड बोलत नाही. रूपा तर मुळीच नाही. कॉलेजला जाते, येते, भिंतीकडे तोंड करून जेवते. तिला वाटतं मी तिची वैरीण आहे. वाटू दे. ती अठराची झाली, तो एकवीसचा झाला, की तिने त्याच्याशी लग्न करावं, दुसऱ्याशी करावं, नाहीतर करूच नये. कुणाच्या वाडीची जोडी म्हणून मात्र नाही.

मुलाला सांगून ठेवलंय. दादाचा निरोप आला म्हणून चोरून मांडव घातलास, तर पोलिसांना मीच बोलवीन. आधी तुझं नाव सांगेन, मग त्यांचं. केळीचे खांब दारात आले तर कोयता माझ्याकडे आहे. जन्मभर तोच चालवलाय.