एका घराला एक जागा

नवऱ्याची चाकणची नोकरी गेली ती एका मेसेजवर. कॉन्ट्रॅक्ट संपलं, उद्यापासून शिफ्टला येऊ नका. इतकी वर्षं पहाटे उठून कंपनीची बस पकडणारा माणूस, आणि त्याला साधा एक फोन करायची कुणाला गरज वाटली नाही. मी त्या सुपरवायझरला झाडायलाच निघाले होते, नवऱ्यानं हातातून मोबाइल काढून घेतला. तो शांत डोक्याचा आहे. मी नाही. माझ्या तोंडाला झाकण बसवायचं राहून गेलं, असं सासूबाई म्हणायच्या आणि ते खरंच आहे.

त्यानं दुसरीकडं बरंच शोधलं. चाळिशी उलटलेला कामगार कुणालाच नको होता. मग आइस्क्रीमची गाडी काढायचं माझ्या डोक्यात आलं, कारण माझं माहेर. मावळात, धरणाच्या काठाला. मी लहान असताना त्या पाण्यावर आमच्या म्हशींशिवाय कुणी यायचं नाही. आता शनिवार-रविवारी पुण्यामुंबईच्या गाड्यांची अशी रांग लागते की गावातल्या माणसाला दळण आणायला बाहेर पडता येत नाही. काठावर भजी मिळतात, कणसं मिळतात, चहा तर पावलोपावली. आइस्क्रीम मात्र कुठंच नव्हतं. मी म्हटलं, गाव आपलं, पाणी आपलं, मग परक्यानं येऊन कमवायच्या आत आपण जाऊ.

कंपनीकडून हातात आलेलं सगळं आणि माझ्या पाटल्या त्या गाडीत गेल्या. मागं वळून बघायला काही ठेवलंच नाही. जुना टेम्पो घेतला, चिंचवडला एका मेकॅनिक चाचांकडं दिला. ते मूळचे तिथलेच, मराठी आमच्यापेक्षा खणखणीत. मला म्हणाले, "ताई, दार मागं नको, बाजूला घे. गिऱ्हाइकाला रस्त्यात उभं करायचं नसतं." त्यांनी आत असा फ्रीझर बसवला की रात्रभर विजेवर लावला की दिवसभर वायरीशिवाय थंडी धरून ठेवतो. गुलाबी रंग मी निवडला. नवऱ्याला तो आवडला नाही.

लायसन्सचा सगळ्यांनी इतका बागुलबुवा केला होता की मी पदर खोचून तयार होते. कसलं काय. फूड लायसन्स कॉम्प्युटरवर भरलं आणि आलं. ते माझ्या नावावर काढलं, नवराच म्हणाला, धंदा तुझ्या डोक्यातला, नाव तुझंच असू दे. आरटीओत बदललेली बॉडी पास व्हायला चार खेटे पडले, तेवढंच. राहिली एक गोष्ट. धरणाकाठची पार्किंगची जमीन ग्रामपंचायतीची आहे, आणि तिथं गाडी लावायची तर ग्रामसभेत ठराव होऊन ना हरकत दाखला लागतो. त्याची मला जराही काळजी नव्हती. माझा धाकटा भाऊ पंचायतीत सदस्य आहे.

त्याला मी पहिल्या दिवसापासून सगळं सांगत होते. टेम्पो कुठून घेतला, फ्रीझर कोणता, चाचांचं गॅरेज कुठं, माल कोणत्या एजन्सीकडून उचलायचा. तोही खोदून खोदून विचारायचा. मला किती बरं वाटायचं म्हणून सांगू. मी नवऱ्याला म्हणायचे, बघ, माझा भाऊ किती जीव लावून विचारतो, नाहीतर तुझे भाऊ. मी पंचायतीत दिलेल्या अर्जाचं विचारलं की तो म्हणायचा, "आक्का, तू कशाला घोर करती? गाव तुझंच हाय. ये तू गाडी घिऊन." ग्रामसभेच्या दिवशी मी खरोखर गाडी घेऊनच गेले. नवऱ्यानं ती समाजमंदिराबाहेर लावली आणि तो गाडीतच बसून राहिला. सासुरवाडीच्या सभेत जावई कशाला, म्हणाला.

आत मी बायकांच्या बाजूला बसले. आई पुढं होती, डोक्यावर पदर घेऊन. ओळखीच्या बायका कडेनं विचारत होत्या, पोरं कशी आहेत, पाणी येतं का तुमच्याकडं पिंपळे गुरवला. मी सगळ्यांना सांगत होते, आता दर शनिवारी येणार, आता भेट होत राहील.

सरपंचांनी आधी नियम वाचला. बाहेरच्यांनी काठ बळकावला म्हणून गावानं ठरवलं होतं, एका घराला एक जागा. मला ते पटलं. मी मान हलवली सुद्धा. मग भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक, एकेक अर्ज घेऊ लागले. ते तरुण, लातूरकडचे, बोलायला अगदी गरीब. माझा अर्ज आला तेव्हा त्यांनी मान वर करून विचारलं, "ताई, तुमचं घर कोणतं लावायचं?"

मला वाटलं, नवीन माणूस आहे, ह्याला माहीत नाही. मी आईकडं बोट दाखवून वडिलांचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "त्या घराचा अर्ज आलाय की ताई. तुमच्या भावाचा." आणि शेजाऱ्याला दाखवावा तसा त्यांनी तो अर्ज वर धरून वाचला. धंदा, आइस्क्रीम गाडी.

मला आधी कळलंच नाही. मला वाटलं, माझ्याच गाडीसाठी भावानं त्याच्या नावानंही अर्ज दिलाय, सोयीसाठी. मी हसून त्याच्याकडं बघितलं. तो भाऊसाहेबांकडं बघत होता. तेव्हा मला चाचांचं बोलणं आठवलं. मागच्या आठवड्यात ते मला म्हणाले होते, तुझ्यासारखीच आणखी एक गाडी करतोय, धरणाकडची पार्टी आहे. मी चाचांना वर ऐटीत म्हणाले होते, बघा, माझं बघून लोक करायला लागले.

मी उभी राहिले. तोंडाला झाकण नाही म्हणतात ना, पण त्या दिवशी इतकंच म्हणाले, "मी ह्याच घरची आहे."

त्यावर सरपंच काका, ज्यांनी मला कडेवर घेतलेलं, मऊ आवाजात म्हणाले, "व्हय गं बाई, हायेसच. पर हक्कसोड दिलीया न्हवं तू?"

दिली होती. वडील गेल्यावर तहसीलला जाऊन मी सही केली होती, घरजमिनीवर माझा काही हक्क राहिला नाही म्हणून. आमच्याकडं बहिणी करतातच. वाटा मागितला की माहेर तुटतं, असं मी कळायला लागल्यापासून ऐकत आले, आणि मला तर माहेर हवं होतं. भावानं साडी घेतली, वहिनीनं पुरणपोळी केली, मी ती मजेत खाऊन घरी आले. माहेर टिकावं म्हणून केलेली सही माझं माहेर कापायला वापरतील, असं स्वप्नात आलं नव्हतं.

तेव्हा माझा भाऊ बोलला. तोही काही वाईट तोंडानं नाही, अगदी प्रेमानं. "आक्का, राग धरू नको. शनिवार-रविवार माझ्या गाडीवर बस की तू. हजेरी दीन मी."

हजेरी. माझ्या गाडीची सगळी माहिती माझ्याकडून घेऊन हा मला रोजंदारी देणार. ज्याला मी पाठीवर घेऊन शाळेत पोचवला तो. मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. बायका माझा पदर ओढून मला खाली बसवत होत्या.

सरपंच म्हणाले, त्या घराची जागा भावाला द्यायची, मान्य असेल त्यांनी हात वर करा. पुरुषांचे हात वर गेले. मला त्यांचं काही वाटलं नाही, ते जाणारच होते. मग मी पुढं बघितलं. आईचा हात वर होता. कोपरातून अर्धामुर्धा नाही, पूर्ण सरळ. बांगड्या मनगटावरून खाली घसरल्या होत्या. भाऊसाहेबांनी मोजून होईपर्यंत तिनं तो खाली घेतला नाही.

बाहेर येऊन मी नवऱ्याला म्हटलं, गाडी चालू कर. मग म्हटलं, थांब. आणि तरातरा घरी गेले. आई माझ्या आधी पोचली होती. वहिनी आतबाहेर करत होती, माझ्याकडं बघत नव्हती.

"तू हात वर केलास," मी म्हणाले.

"केला."

"माझ्या विरुद्ध."

"तुझ्या इरुद्ध न्हाई. त्याच्या बाजूनं." ती खाली बसली. "मला हितं ऱ्हायाचंय बाई."

"मग? तुझं घर नाही का हे?"

"माझं कुठलं? तुझ्या आदी अंगठा म्याच दिला न्हवता का?"

खरंच. तहसीलच्या त्या बाकावर ती माझ्या शेजारीच होती. कारकुनानं आधी तिचा अंगठा घेतला, मग माझी सही. मी तेव्हा तिच्या अंगठ्याची शाई माझ्या रुमालानं पुसली होती आणि डोक्यात एवढंही आलं नव्हतं की ही बाई आता कुठं राहणार, कुणाच्या मर्जीवर. इतकी वर्षं मी समजत होते, आईचं घर ते माझं माहेर. आईला घरच नव्हतं.

मला रडू आलं आणि संतापही आला, दोन्ही एकदम. मी तिचा हात धरला. "चल माझ्याकडं. आत्ताच्या आत्ता. गाडी समाजमंदिरापाशी उभीच आहे. कुणाच्या तोंडाकडं बघायची गरज नाही तुला."

तिनं हात सोडवून घेतला नाही. माझ्याकडं नीट बघितलं, लहानपणी ताप आहे का बघायची तसं.

"तुझ्या त्या घरावर तुझं नाव हाय का?"

फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर आहे. पुढं तो नवऱ्याच्या आणि दिराच्या नावावर होईल. हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता, मी स्वतःलाही नाही.

"नाही," मी म्हणाले.

"मग?" आई म्हणाली. वहिनी तांदळाचं ताट घेऊन दारात उभी होती. आईनं ते तिच्या हातातून घेतलं, मला पाटावर बसवलं आणि सासरी निघालेल्या लेकीची भरतात तशी माझी ओटी भरली.