हातानं टाकलेली ओळ

केजमधल्या एका महाविद्यालयात सर्व्हर सांभाळायला आम्ही दोघं आहोत. मी कायम नोकरीतला. आणि वडवणीहून रोज एसटीनं येणाऱ्या मॅडम, त्या कंत्राटी. त्या सगळं पॅनलवरून करायच्या: पडद्यावरचे रकाने भरायचे, खालचं बटण दाबायचं. मी काळ्या पडद्यावर फाइल उघडून हातानं ओळी बदलणारा. "बटणं दाबून कुणी सर्व्हर शिकतं व्हय?" असं मी त्यांना चारचौघांत म्हणायचो. त्या हसून सोडून द्यायच्या.

परीक्षेचे अर्ज सुरू होते. विद्यार्थ्यांचे फोटो मोठे, म्हणून चढत नव्हते. मी सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलीत फोटोच्या आकाराची मर्यादा वाढवणारी एक ओळ टाकली. फाइलीच्या माथ्यावर स्पष्ट लिहिलं होतं की ही फाइल पॅनल तयार करतं, हातानं बदलू नका. मी ते वाचलं होतं. पण मॅडमना पॅनलवरून करायला सांगणं मला कमीपणाचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पॅनलवरून भलताच एक बदल जतन केला. पॅनलनं अख्खी फाइल नव्यानं लिहिली, माझी ओळ पुसली गेली. अर्जाचा शेवटचा दिवस आणि फोटो पुन्हा चढेनात. प्राचार्यांनी त्यांनाच बोलावलं. "मॅडम, काय दाबलं तुमी?" त्यांना सांगता येईना. मी शेजारीच उभा होतो. मी ओळ परत टाकली आणि वर शाबासकीही घेतली.

तीन दिवसांनी कळलं, त्यांचं कंत्राट पुढे वाढणार नाही. मग मात्र मला राहवलं नाही. मॅडमना घेऊन प्राचार्यांकडे गेलो, सगळं सांगितलं. त्यांनी मॅडमच्या कंत्राटाच्या मुदतवाढीची फाइल परत मागवली.

बाहेर मॅडम म्हणाल्या, "सर, तीन दिवस कावून गप बसलात?"

"लाज वाटली."

"आन मला? बसमधी रडत गेलते मी."



मुदतवाढ मिळाली. सोमवारी त्यांनीच खुर्ची माझ्या शेजारी ओढली. "फाइल कशी बदलायची ते दाखवा. आन तुमी पॅनल शिका, लई अवघड न्हाई." बदल करण्याआधी त्यांनी फाइलीची प्रत काढून ठेवली; इतक्या वर्षांत मी ते कधी केलं नव्हतं. हातानं लिहायच्या ओळींसाठी पॅनलमध्येच वेगळी जागा असते, हेही त्यांच्याकडूनच कळलं. तिथं त्यांनी ओळ लिहिली, दोनदा जतन करून पाहिलं.

"राह्यली बगा," त्या म्हणाल्या, आणि मला पुढची फाइल उघडायला सांगितली.