स्विचवरची तिसरी रेंज

भूत, झपाटणं, अंगात येणं... मी यातलं काहीच मानत नाही. आजही नाही. हे आधीच लिहितो, म्हणजे लिंबू उतरवायला सांगणारे दमणार नाहीत.

मी मूळचा नांदेडचा. लातुरात कोचिंग क्लासेसना नेटवर्क टाकून देतो. एका क्लासची फी-माफीची ऑनलाइन परीक्षा होती, सकाळी दहाला. चाळीस पोरं, संधी एकच. हदगावची एक पोरगी तर रात्रीच्या एसटीनं आलेली.

क्लासचे सर सांगत होते, परीक्षेला वेगळा स्विच घ्या, म्हणजे नेटवर्कच्या वायरी जोडायचा डबा. पण मी शहाणा! म्हटलं, एकाच स्विचवर, त्याच पोर्टांवर मशीनच्या अ‍ॅड्रेसच्या दोन रेंज चालवतो — ऑफिसची 192.168.1, परीक्षेची 192.168.2. बघत राहा.

पावणेदहाला सगळ्यांनी बघितलं. ऑफिसचा राउटर आणि परीक्षेचा सर्व्हर, दोघंही अ‍ॅड्रेस वाटून राहिले! निम्मी पोरं ऑफिसच्या रेंजमध्ये, पेपर उघडेना. घाबरून मी दोन्हीकडचं वाटप बंद केलं. आता कुणालाच अ‍ॅड्रेस मिळेना. हातानं टाकायला बसलो तर चाळीस मशीन, हातात दहा मिनिटं. हदगावची पोरगी रडकुंडीला आलेली.

तिसऱ्या मशीनवर होतो आणि हॉलमधले सगळे पेपर उघडले. अ‍ॅड्रेस बघितला — 192.168.93... मी तो मोठ्यानं वाचला.

दारात क्लासचे वॉचमन नागनाथमामा उभे होते. म्हणाले, "त्र्याण्णव? आमचं गाव भूकंपात गेलं ते साल हाय, साहेब. पोरांची सहामाही तोंडावर होती. राहिली ती राहिलीच."

"मामा, हा नुसता नंबर हाय."

"हाव. पण पेपर चालू झाला न्हवं?"

चाळीसच्या चाळीस पोरांनी पेपर पूर्ण केला. मग मी अठ्ठेचाळीस पोर्टांची एकेक वायर हातानं तपासली. अ‍ॅड्रेस वाटणारं तिसरं काही कुठंच नाही. वाटप दोन्हीकडं बंदच. सर्व्हर 2 मध्येच बसलेला — 93 मधून त्याच्यावरचा पेपर उघडायलाच नको. घरी तीच मांडणी करून चारदा बघितलं, एकदाही उघडला नाही.

सरांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. मीही निर्लज्जासारखी थोपटून घेतली.

उत्तर अजून नाही. नसू दे! ज्यानं कुणी केलं त्यानं समोर यावं, चहा पाजतो. मानणार मात्र नाही.

आता परीक्षेला वेगळा स्विच लावतो. ऑफिसला 1, परीक्षेला 2. आणि 93... ती मी कुणालाच देत नाही.