समईशेजारची बाटली

गॅसचा जरा वास आला की निघोज गावातल्या घरातली ती सकाळ आठवते. थोरला भाऊ अंदमानात तेल शोधणाऱ्या तुकडीत होता. तिथल्या समुद्रातून बुडबुडणारा वायू त्यानं बाटलीत भरून, बुचाला लाख लावून आणला होता. परमुलखातली वस्तू आधी देवाला, म्हणून आईनं ती समईला खेटून ठेवली. लाख ओघळू लागली तसा भाऊ पांढराफटक पडला. "कुनी हलू नगा!" फुलानं मालवायची समई त्यानं फुंकरीनं विझवली. आई म्हणाली, "आरं, दर्यावर निघायच्या दिवशी दिवा फुकलास?" तो त्याच दिवशी गेला आणि वर्षानं सुखरूप आला; तोवर आईनं पुन्हा लावलेली समई विझू दिली नाही. आजही वास आला की मी देवघराकडं धावते, पण फुंकर काही मारवत नाही.