सरळ दिसणारी रेघ

डिंडोलीत घरी बसून मी लग्नाच्या व्हिडिओंचे आवाज साफ करून देते. काम बरं चालतं, पण माझं डोकं पटकन तापतं आणि आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शेजारी खुर्ची टाकून बघत बसायची हौस. लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, त्यांचं आयुष्य गेलं, त्या खडखडाटात कानही गेले. ओरडून बोललं तर ऐकू येतं, हळू बोललेलं काही नाही.

खात्यात तसंही कुणाचं कुणाला ऐकू यायचं नाही. तिथे सगळे ओठांनीच बोलायचे. आई डबा घेऊन जायची, दारातूनच ओठ हलवायची आणि आप्पांना बरोबर कळायचं. पुढे घरीही तीच सवय राहिली.

आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. मामेबहिणीच्या हळदीत तिने म्हटलेलं अहिराणी गाणं माझ्या फोनमध्ये होतं. तिचा आवाज म्हणून तेवढंच उरलेलं. वर्षश्राद्धाला सगळ्यांना ऐकवावं म्हणून त्या दुपारी ते नीट करायला घेतलं. गाणं संपलं, टाळ्या संपल्या, पुढे स्क्रीनवर नुसती सरळ रेघ. तेवढा भाग निवडला आणि कापणार, इतक्यात आप्पा ओरडले, "थांब! तार हलतोय तिथे."

"आप्पा, कापड नाहीये हे! रिकामी, सरळ रेघ आहे."

"सरळ कुठे आहे? चष्मा लाव तू!"

अस्सा राग आला! पण खरं सांगू, या माणसाच्या नजरेला तोड नाही. चालत्या मागावरचा एक तुटका तार, म्हणजे धागा, ते लांबून हेरायचे. शेठ दुसऱ्या खात्यातला मालही त्यांच्याकडूनच तपासून घ्यायचा.

मी नेहमी लिनिअर पट्टीवर काम करते. त्यात मोठे आवाज डोंगरासारखे उठून दिसतात, बारीक आवाज मधल्या रेघेला चिकटून बसतात. डेसिबलवर टाकलं की तेच बारीक आवाज फुगून दिसतात, पंख्याची घरघरसुद्धा. मला ती गिचमिड आवडत नाही. त्या दिवशी केवळ आप्पांना खोटं पाडायचं म्हणून डेसिबल लावलं.

रेघ फुगली. पंख्याच्या जाड पट्ट्यात मध्येच तीन-चार उंचवटे. आवाज वाढवून हेडफोनवर ऐकलं. आई होती! गाणं झाल्यावर मांडवातून आप्पांना खात्यातल्यासारखं ओठांनी सांगत होती. आवाज निघालाच होता जेमतेम. आणि मी ते कापून टाकणार होते!

हेडफोन आप्पांच्या कानाला लावला. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, मग मान हलवली. "नुसती घरघर येते गं. तीच आहे ना?"

"तीच आहे!" मी ओरडले.

"तेव्हा मी बघितलंच नाही तिच्याकडे. पाव्हण्यांशी बोलत बसलो होतो." ते उंचवट्यांवरून बोट फिरवत राहिले. "काय म्हणते?"

ओरडून सांगता आलं असतं. मी खुर्ची त्यांच्यासमोर ओढली, आवाज न काढता आईसारखे ओठ हलवले: जेवी ल्या आते.

आई गेल्यापासून त्यांना जेवा म्हणून सांगून सांगून मी थकले होते. त्या दिवशीचं ताटही तसंच झाकून पडलेलं. आप्पा माझ्या ओठांकडे बघत राहिले, मग स्क्रीनकडे वळून आईला उत्तर द्यावं तसं मोठ्याने म्हणाले, "हा, जेवस ना!"

उठले आणि ताटावरचं झाकण काढलं.