तूप-सुंठीचा आमरस

"मुंबयची पोर हाय, तिला आपला रस सोसायचा नाय गो. तिला नुसता भात वाढ," नवऱ्याच्या आत्याबाई सासूबाईंना सांगत होत्या. मी दाराआड उभी राहून ऐकत होते.

आज सुंठ कुटताना तो झणका नाकात गेला आणि पोलादपूरचं ते स्वयंपाकघर आठवलं. लग्नानंतरचा माझा पहिलाच आंब्याचा मोसम होता. नव्या सुनेनं तूप घेतलं तर हावरट दिसेल, म्हणून आदल्या दिवशी मी नको म्हटलं आणि नुसताच रस खाल्ला. संध्याकाळी पोट धरून बसले. आता आंबाच बंद होणार होता.

सगळे जेवायला बसलो तेव्हा सासूबाईंनी माझ्या पानात रसाची वाटी ठेवली, वर तुपाची धार सोडली, चिमूटभर सुंठ भुरभुरली. "तिच्या पोटात काय खोट नाय, बिनतुपाचा रस कुणालाही बाधतो. ती तूप नको म्हणाली नि मी ऐकलं, माझंच चुकलं."

माझा संकोच त्यांनी किती सहज स्वतःच्या अंगावर घेतला, हे तेव्हा कळलं नव्हतं. रस तेवढा घशाखाली मऊ, उबदार उतरत होता. वाटी रिकामी झाली तेव्हा सगळ्यांसमोर मी म्हटलं, "आई, अजून वाढा. तूपसुद्धा."